खिळ्यावरचं कार्ड

१४ तारीख, बुधवार

ताई,

अक्षर ओळखलं असशीलच. ओळखून पाकीट चुलीत टाकलं नसशील, तर एवढं वाच. तुझा पत्ता मामींकडून घेतला. त्यांच्यावर रागावू नकोस, त्या देत नव्हत्या, मीच खनपटीला बसले. फोन तू उचलणार नाहीस, आणि समजा उचललास तर माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही. म्हणून कागद.

घरी सगळं ठीक आहे. ह्यांची कंबर अजून धरलेलीच आहे, घरीच असतात. लेक दहावीला आली. मी अजून तिथेच आहे, बाटल्यांच्या कारखान्यात, त्याच ओळीत. तू असतानाचंच काम. औषधाची बाटली उजेडासमोर धरायची, फिरवायची, आत कण, केस, तडा दिसला की बाजूला. डोळे तेवढे गेले माझे, चष्मा लागला.

लिहायचं कारण असं की काल आमच्या ओळीतली एक जण पडली. तुझ्यानंतर लागलेली आहे, तू तिला ओळखत नाहीस. आम्ही तिला बडबडी म्हणतो. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसते. बाथरूममध्ये चक्कर आली आणि बेसिनवर डोकं आपटलं. सफाईवाल्या मावशींना सापडली, तेव्हा सव्वादहाच्या आसपास गेलेली आणि अकरा वाजून पाच मिनिटं झालेली. दवाखान्यात आहे. अजून शुद्धीवर नाही.

गंमत बघ (गंमत कसली म्हणा), यंत्रात नोंद आहे की ती सहा मिनिटांत परत येऊन बसली. आता ती नोंद कशी झाली, मला काय माहीत. मला एवढंच विचारायचं होतं की चौकशी होते तेव्हा काय काय विचारतात? तुला अनुभव आहे म्हणून विचारते. टोमणा नाही मारत आहे गं. खरंच विचारते.

धाकटी


१६ तारीख, शुक्रवार

ताई,

उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. पहिलं पत्र तुला आज मिळालं असेल किंवा नसेल. ते वाचू नकोस असं आता वाटतंय, कारण त्यात मी खोटं लिहिलं.

तू गेल्यावर नियम बदलले, ते आधी सांगते. नाहीतर तुला काही कळायचं नाही. तेव्हा दहा मिनिटं होती आणि तू त्यावरून एवढं रान उठवलंस. आता सहा आहेत. दाराशी यंत्र आहे. जाताना कार्ड टेकवायचं आणि तिथल्याच खिळ्याला अडकवून जायचं, म्हणजे कोणी फाटकाबाहेर सटकू नये. आल्यावर खिळ्यावरून काढायचं, टेकवायचं, गळ्यात घालायचं. प्रत्येक खुर्चीच्या वर दिवा आहे. बसलेली असलीस की हिरवा, गेलीस की पिवळा, सहा मिनिटं उलटली की लाल. आणि एकीचा दिवा लाल झाला की अख्ख्या ओळीचा चहा पाच मिनिटांनी कापतात. हे सगळ्यात वाईट. साहेबाचे बोल एक वेळ कानाआड करता येतात, पण आपल्याच बायका दिवसभर तिरक्या नजरेने बघतात ना, ते सोसवत नाही. बाथरूम जिन्याच्या खाली, जायलाच दीड मिनिट. दारात दोन जणी उभ्या असल्या की झालंच. म्हणून आम्ही सकाळपासून पाणीच पीत नाही. बडबडी तर घरून निघतानाही पीत नसे. म्हणायची, "माझ्या पोटात वाळवंट आहे, उंट पाळीन म्हणते एक."

बोलणं बंद व्हावं म्हणून दोन खुर्च्यांमध्ये पत्रे ठोकलेत. तरी ती पत्र्याच्या कडेने बोलायचीच. आणि आमचा पर्यवेक्षक, त्याला आम्ही मिनिटमास्तर म्हणतो, तो खुर्च्यांकडे बघतच नाही. काचेच्या खोलीत बसून पडद्यावरचे दिवे बघतो. फेरीला येतो तोही दिवेच बघत.

माझी खुर्ची दाराला लागून आहे. हात लांब केला की खिळा आणि यंत्र दोन्ही हाताशी येतात. म्हणून ओळीने एक सोय काढली. कोणाला उशीर होतोय असं दिसलं की साडेपाच मिनिटांना मी तिचं कार्ड खिळ्यावरून काढायचं आणि टेकवायचं. दिवा हिरवा. ती आपली दोन मिनिटांनी येते, कार्ड घेते, बसते. याला आम्ही "हात लावणं" म्हणतो. दोन वर्षं लावतेय. कुणाचा चहा गेला नाही माझ्यामुळे. मला त्याचा अभिमान होता ताई, खोटं कशाला बोलू. त्या ओळीत माझी किंमत होती.

मंगळवारी बडबडीला मीच हात लावला.

आता कळलं ना, नोंद कशी झाली ती. दिवा हिरवा झाला म्हणून मास्तरने विचारलं नाही. चहाला अजून वेळ होता. पत्र्यामुळे कोणाला खुर्ची दिसत नव्हती. आणि मी? मला तरी कळायला हवं होतं की नाही? तिचा आवाज येत नव्हता. पाऊण तास ती गप्प होती आणि मला वाटलं, आज बाईसाहेबांची स्वारी शांत आहे, बरं झालं, डोकं दुखत होतं माझं. मी असं म्हटलं मनात. बरं झालं, असं.

आज मास्तर माझ्या खुर्चीपाशी येऊन उभा राहिला. "तुम्ही शेजारच्या. तुम्हाला सगळं माहीत असणार," म्हणाला. बोलणं साधंच होतं, पण माझ्या हातून बाटली निसटली. सोमवारी नाही, पुढच्या सोमवारी, सव्वीसला चौकशी आहे. मला वर बोलावलंय.

हे पत्र फाडून टाक.

धाकटी


१८ तारीख, रविवार

ताई,

या पाकिटात एक कार्ड आहे. दचकू नकोस. फोटोतली हसते आहे ती बडबडी.

मंगळवारी कार्ड टेकवलं आणि वळले तर मास्तर काचेच्या खोलीतून बाहेर पडलेला. दिवा हिरवा आणि कार्ड खिळ्यावर, हे त्याने बघितलं असतं तर दोघींचीही खैर नव्हती. म्हणून मी ते ॲप्रनच्या खिशात टाकलं. तो गेला की परत अडकवणार होते. इतक्यात माझ्या ट्रेमध्ये एक बाटली फुटली, काच वेचत बसले, आणि डोक्यातून गेलंच. मावशींची किंकाळी ऐकू आली तेव्हा सगळ्यांबरोबर मीही धावले. जिन्याखाली ती वाकडी पडली होती, एक चप्पल पायात, एक लांब. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा कार्ड माझ्या खिशात होतं. घरी येऊन ॲप्रन धुवायला काढलं तेव्हा हाताला लागलं.

कारखान्यात ते शोधत आहेत. तिच्या गळ्यात नाही, खिळ्यावर नाही. मास्तर सगळ्यांना सांगत फिरतोय की ती परत आली, बसली, मग परवानगी न घेता पुन्हा उठली आणि पकडली जाऊ नये म्हणून कार्ड कुठेतरी टाकून दिलं. म्हणजे चूक तिची. ती मनाने उठली, मनाने पडली. असं ठरलं तर कारखाना तिच्या दवाखान्याकडे बघणारसुद्धा नाही, आणि ती बरी झाली तरी कामावर घेणार नाहीत. तिचा नवरा बसचालक आहे. रोज पाळी संपली की फाटकाशी येऊन उभा राहतो आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकीला विचारतो, "ती परत येऊन बसली होती का हो? तुम्ही पाहिलं का?" मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "पत्रा आहे ना मध्ये, दिसत नाही." खरंच आहे की नाही? दिसत नाहीच.

कार्ड मी पिठाच्या डब्यात ठेवलं होतं. काल लेक पोळ्या करायला बसली आणि मी तिच्या हातातून डबा ओढून घेतला. पोरगी घाबरून माझ्याकडे बघत राहिली. हे म्हणाले, काय झालंय तुला? काही नाही म्हटलं. जिन्यावर कोणाचं पाऊल वाजलं तरी उठून दाराची कडी बघून येते. फेकायला गेले दोनदा. एकदा नाल्याच्या पुलावर अर्धा तास उभी होते. तो फोटो हसतो गं. हात उचलत नाही.

तू ठेव. किंवा तू फेक. तुझ्याकडे कोण शोधायला येणार? मोठी बहीण म्हणून एवढं कर. मला ठाऊक आहे हे मागायचा मला हक्क नाही, पण मागायला दुसरं कोणी नाही.

धाकटी


२३ तारीख, शुक्रवार

ताई,

आज दुपारी पाळी करून आले तर दारात तुझं पाकीट. चार वर्षांनी तुझं अक्षर. चपलाही न काढता फाडलं. आत कार्ड, आणि वहीच्या फाटक्या कागदावर एकच ओळ: "तेव्हाही तुला अशीच भीती वाटली होती का?"

बस एवढंच. मी तिथेच उंबऱ्यावर बसले. रडले का रागावले, मलाच कळलं नाही. आधी राग आला, ते कबूल करते. म्हटलं, माझी मान सुरीखाली आहे आणि हिला जुनं उकरून काढायचंय. मग चहा केला, तो गार होऊ दिला, आणि आता उत्तर लिहिते आहे. चार वर्षं जे टाळलं ते लिहिते.

दहा मिनिटांच्या नियमाविरुद्धचा अर्ज तू लिहिलास, पण सह्या आम्हा एकोणीस जणींच्या होत्या. माझीही होती, तुझ्या खालोखाल. तो अर्ज वर नेऊन द्यायला तू खुर्ची सोडून गेलीस. अकरा मिनिटं. दुसऱ्या दिवशी मला वर बोलावलं. तेव्हाच्या साहेबांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "तुमची बहीण कामाच्या वेळात जागा सोडून गेली, एवढंच लिहून द्या. खोटं काहीच नाही त्यात." खरंच खोटं नव्हतं. तू गेली होतीसच. कशासाठी गेलीस, ते त्या कागदावर लिहायला जागा नव्हती. मी सही केली. तुला वाटत आलं की त्यांनी मला बढतीची लालूच दाखवली. नाही गं. काहीच दाखवलं नाही. पाण्याचा पेला पुढे सरकवला फक्त, आणि माझी पाचावर धारण बसली.

तुला काढलं त्या दिवशी तू कपाट रिकामं करत होतीस आणि मी माझ्या खुर्चीवर बसून बाटल्या बघत होते. एकसुद्धा बाटली चुकू दिली नाही मी. तू माझ्या मागून गेलीस. मला वाटलं होतं, खांद्यावर हात तरी ठेवशील, किंवा एक मुस्काटात देशील. तू काहीच केलं नाहीस.

तर हो. अशीच भीती वाटली होती. अगदी अशीच, हीच. तिला चव असते ताई, तोंडात लोखंड धरल्यासारखी. परवा मास्तर कागद घेऊन आला तेव्हा पुन्हा तीच चव आली. कागदावर छापलेलं आहे: "सदर कर्मचारी दहा वाजून अठरा मिनिटांनी जागेवर परत आल्याचे मी पाहिले." खाली माझं नाव आणि सहीची रेघ. सोमवारी वर गेल्यावर सही करायची आहे.

तू कार्ड ठेवलं असतंस तर बरं झालं असतं असं अजूनही वाटतं. आणि परत पाठवलंस म्हणून तुझे पाय धरावेसेही वाटतात. दोन्ही खरं आहे. सोमवारी काय करीन, मला माहीत नाही. मोठमोठी वचनं देत नाही, माझ्या वचनांची तुला पारख आहे.

धाकटी


२६ तारीख, सोमवार

ताई,

झालं.

सकाळी साडेनऊला वर बोलावलं. आता मोठ्या साहेबांच्या जागी मॅडम आहेत. त्या, मास्तर, आणि कोपऱ्यात बडबडीचा नवरा, ड्युटीच्या खाकी कपड्यांतच. त्यालाही एका कागदावर सही करायला आणलं होतं. मॅडम वाईट नाहीत गं, तेच अवघड जातं. हळू आवाजात बोलत होत्या. भिंतीवरच्या पडद्यावर त्या दिवसाची नोंद दाखवली. दहा बाराला पिवळा, दहा अठराला हिरवा. "यंत्राला कुणाशी वैर नसतं," म्हणाल्या. मग माझ्यासमोर कागद ठेवला. आणि पाण्याचा पेला.

पेला बघितला आणि माझं डोकंच फिरलं. पेला नसता तर सही केली असती बहुतेक. खरं सांगते.

मी म्हटलं, "मला लिहिता येत नाहीये. खाली चला, दाखवते." मास्तर म्हणाला, "काय दाखवणार? कामाची वेळ आहे." मॅडमनी घड्याळ बघितलं. तेवढ्यात तिचा नवरा उठला आणि दाराशी जाऊन उभा राहिला. दार उघडून धरलं नुसतं. मग मॅडमना उठावंच लागलं.

मी पुढे, ते तिघे मागे, असे जिना उतरलो. वाटेत मनात एकच, की कार्ड बंद केलं असलं तर? यंत्र नुसतंच किणकिणलं आणि दिवा लागलाच नाही तर? मग मी वेडी ठरेन आणि चोरही. ओळीत शिरलो. सगळ्या जणी बाटल्यांवर वाकलेल्या. बडबडीच्या खुर्चीवरचा दिवा बंद होता. मी ब्लाउजमधून कार्ड काढलं. मास्तर ओरडला, "हे तुमच्याकडे कसं?" मी ते यंत्राला टेकवलं.

हिरवा.

रिकाम्या खुर्चीवर हिरवा दिवा लागला, ताई. खुर्चीत तिची उशी तेवढी होती, कंबरेला लावायची, फुलाफुलांची. मी म्हटलं, "मॅडम, बसली बघा ती. आली परत." मग सगळं सांगितलं. साडेपाच मिनिटं, खिसा, फुटलेली बाटली. आणि हेही सांगितलं की त्या दिवशी दिवा लाल झाला असता तर कोणीतरी तिला शोधायला गेलं असतं. तो मी लाल होऊ दिला नाही. चहासाठी.

एकीनेही मान वर केली नाही. दोन वर्षं ज्यांना हात लावला त्या अठराही जणींनी. ज्या मला डब्यातला घास काढून द्यायच्या, त्यांनीसुद्धा. मी त्यांना नावं ठेवत नाही. ठेवूच शकत नाही, माझीही मान तशीच खाली होती एकदा आणि माझ्या मागून सख्खी बहीण गेली होती.

मॅडमनी दिव्याकडे बघितलं, मग खुर्चीकडे. शेवटी मास्तरला एवढंच म्हणाल्या, "हा बंद करा." तर त्याला तो बंद करता येईना. कार्ड पुन्हा टेकवायचं असतं, आणि कार्ड तिच्या नवऱ्याने माझ्या हातातून घेऊन मुठीत धरलं होतं. तो देईना.

मला घरी पाठवलंय. चौकशी पुरी होईपर्यंत यायचं नाही. माझ्यावरही कागद होणार, यंत्राची फसवणूक म्हणून. ह्यांना सांगितलं. त्यांनी पाणी आणून दिलं. मला ते बघून हसूच फुटलं, मग रडू. आता पुढे काय होईल या विचाराने जीव थाऱ्यावर नाही. भीती काही गेली नाही. मला वाटलं होतं, खरं बोललं की जाते.

धाकटी


२९ तारीख, गुरुवार

ताई,

दवाखान्यातून लिहितेय. बाकावर बसून, मांडीवर वही घेऊन. भेटायची वेळ चार ते सहा. तीन दिवस रोज येते, पण आत जायचा धीर होत नव्हता. तिचा नवरा माझ्याशी बोलत नाही. का बोलावं त्याने? आज मात्र तो बाकावर थोडा सरकला आणि मला जागा झाली.

कारखान्याचं काही कळलेलं नाही. दवाखान्यात काल त्यांचा माणूस येऊन गेला, काय बोलला ते मला कोणी सांगितलं नाही. ओळीतली एक जण परवा घरी आली होती, दारातूनच म्हणाली, "खिळा काढलाय, आता कार्ड गळ्यातच ठेवायचं." सहाची सातसुद्धा केली नाहीत.

तू येशील का? काही बोलायला नको. माझ्याशी तर नकोच. नुसती बाकावर बस. एकटीने हे दार बघत बसवत नाही मला. गाडी सकाळची घेतलीस तर चारच्या आत पोहोचशील.

आता जे झालं ते लिहिते आणि थांबते. साडेचारला नर्सने बाहेर येऊन सांगितलं, डोळे उघडलेत. नवरा आत गेला, बाहेर आला, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुम्हाला बोलावतेय."

गेले. डोक्याला पांढरं बांधलेलं, चेहरा एवढासा झालेला, ओठ सोललेले. ती बडबडी, आणि तिला एक शब्द उचलायला केवढा वेळ लागत होता. मी वाकले. वाटलं, आता विचारेल, का नाही आलीस शोधायला.

ती म्हणाली, "लावलास ना गं हात?"

मी म्हटलं, "लावला."

"बरं झालं," म्हणाली. "नाहीतर माझ्यापायी सगळ्यांचा चहा गेला असता."

तुझी,
धाकटी